भुकेल्या चिलटाची चव

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी चिलटं आपण हाताने हाकलतो. मला मात्र त्यांच्याविषयी आदर आहे. भुकेल्या पोटी शिळी भाकरीही गोड लागते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण हा फरक शरीरात कुठे पडतो, याचा एक धागा या चिलटांनी हाती दिला.

पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहक-प्रथिनं असतात. ती कुलपं समजा. डोपामिनसारखं रसायन किल्लीसारखं बसलं की पेशीत निरोप पोचतो. आजची साधारण एक तृतीयांश औषधं अशा कुलपांच्या एकाच मोठ्या कुळावर चालतात. पंचाईत अशी, की किल्ली फिरलेली दिसत नाही. निरोप येतो आणि विरून जातो.

अमेरिकेत गिलाड बार्निया, रिचर्ड ॲक्सेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक युक्ती मांडली. नाव ‘टँगो’. ग्राहकाच्या आतल्या टोकाला, जनुक चालू करणारं एक प्रथिन बांधून ठेवायचं. ग्राहक जागा झाला की अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याला येऊन चिकटतं. त्याच्या हाती कात्री द्यायची. ही कात्री तंबाखूच्या रोपांना ग्रासणाऱ्या विषाणूकडून उसनी घेतलेली! किल्ली फिरली, अरेस्टिन आलं, दोरी तुटली. सुटलेलं प्रथिन केंद्रकात जातं आणि तिथे हिरव्या चमकीचं जनुक चालू करतं.

२०१२ साली कॅलटेकमधल्या डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेने ही यंत्रणा चिलटांत वापरली. उपाशी चिलटांत गोड चव ओळखणाऱ्या चेतापेशी जास्त चमकल्या. म्हणजे भूक चवीच्या तारेवरच डोपामिन सोडते, मेंदूने विचार करण्याच्या आधीच! मग फिक्या साखरपाण्यालाही चिलट सोंड पुढे करतं.

चमक यायला मात्र कित्येक तास लागतात. हे घड्याळ नव्हे, वाण्याची वही आहे. एकूण उलाढाल कळते, सौदा किती वाजता झाला ते नाही. मला तरी एवढंही थोडं वाटत नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०-८०च्या काळात चिलटांच्या चवीचा, वासाचा छडा लावला, तेव्हा अशी चमक नव्हतीच. गोड न कळणारी चिलटं आधी निवडून काढायची आणि त्यांच्या जनुकात काय बिघडलंय, ते शोधत बसायचं.