ओळंब्याची साक्ष
(बेळगाव-निपाणी भागातील तरुण नेमबाजांपुढे केलेले भाषण)



मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावास रायफल नवी नाही. शेजारच्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यांच्या त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही, हे मात्र ध्यानी असावे.

जेथे ती चालते, तेथे ती सरळ बसली पाहिजे. गोळी सुटली की गुरुत्वाकर्षण तिला थेट खाली ओढते. दुर्बीण ५ अंशांनी कलती बसली आणि रायफल सरळ धरली, तर १०० सेंटिमीटर वर घेतलेला नेम सुमारे ९ सेंटिमीटर बाजूलाही सरकतो. जवळच्या लक्ष्यावर हा दोष दिसत नाही. तो दूरवर उघडा पडतो.

उपाय गवंड्याच्या पिशवीत आहे. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून ती टेकूवर घट्ट ठेवावी व पाणसळीने समतल करावी. वीस-पंचवीस मीटरांवर ओळंबा टांगून दुर्बिणीतील उभी रेषा त्याच्या दोरीशी जुळवावी. कड्यांचे स्क्रू आलटून पालटून, थोडेथोडे आवळावेत. एकच बाजू आधी आवळली की दुर्बीण फिरते. म्हणून शेवटी पुन्हा ओळंबा पाहावा. डोळा काचेला भिडवू नये, अन्यथा धक्क्याने भुवई फुटते.

मी कला शाखेचा पदवीधर. प्रथम मी नुसत्या नजरेने दुर्बीण बसविली, ती मला अगदी सरळ वाटली. ओळंब्याने मला खोटे पाडले!

समोरच्या आंब्याला ओळंबा टांगलेला आहे. एकेकाने पुढे यावे.