गर्भिणीचा रक्तदाब



गोदावरी-दुधनेच्या ह्या आपल्या परभणी जिल्ह्यांत एखादी गर्भिणी आठव्या महिन्यांत "पायांना सूज आली, डोकें ठणकतें" असें म्हणूं लागली, तर घरांतील वडील बायका सहज म्हणतात, "दिवस भरत आले म्हणजे असें व्हायचेंच." हें उत्तर मायेचें असलें तरी पुष्कळदां घातक ठरतें. पायांची थोडी सूज निरोगी गर्भिणीलाही येते, ही गोष्ट खरी; परंतु तिच्या आड रक्तदाबाचा विकार दडलेला असूं शकतो, आणि तो नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. तो कां ओळखतां येत नाहीं, आणि म्हणून आपण काय करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या आंतल्या बाजूस पेशींचें एक पातळ अस्तर असतें, आणि त्या अस्तरांत एक विकर असतें. शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारीं जीं प्रथिनें, त्यांस विकर किंवा एन्झाइम म्हणतात. हें विकर आर्जिनिन नांवाच्या द्रव्यापासून नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु तयार करतें. त्या वायूनें वाहिनीच्या भिंतींतील स्नायु सैल होतात व वाहिनी रुंदावते. ह्या वायूच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद ह्या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी ज्यांच्या शेतांत येतें, त्यांस हें समजण्यास कठीण नाहीं. चाऱ्यांचीं दारें उघडीं असलीं म्हणजे पाणी सुरळीत वांटलें जातें. तीं मिटत गेलीं कीं मागें पाणी तुंबतें. हें विकर म्हणजे शरीरांतला पाटकरीच होय.

निरोगी गरोदरपणांत हा पाटकरी अधिक जोमानें राबतो. आईच्या अंगांतील रक्त वाढतें, तरीही वाहिन्या सैल झाल्यामुळें मधल्या महिन्यांत रक्तदाब उलट थोडा उतरतो. गर्भाशयांतून वारेकडे जाणाऱ्या नागमोडी धमन्याही चांगल्या रुंद होतात. प्री-एक्लॅम्प्सिया नांवाच्या विकारांत पुष्कळदां हें रुंदावणें अपुरें राहतें. वारेस रक्त कमी पडतें, आणि ती आईच्या रक्तांत एक विशिष्ट प्रथिन प्रमाणाबाहेर सोडूं लागते. अनंत करुमांची ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत २००३ सालीं दाखवून दिलें कीं, अस्तराचें पोषण करणाऱ्या घटकांना हें प्रथिन वाटेंतच धरून ठेवतें. मग विकराचें काम मंदावतें, वायु कमी पडतो, वाहिन्या आंखडतात आणि झिरपूंही लागतात. मूत्रपिंडांतून प्रथिन लघवींत उतरतें. यकृतास इजा पोंचते. मेंदूपर्यंत परिणाम गेला तर झटके येतात, आणि आई व मूल दोघांच्याही जिवावर बेततें.

आपल्या पुण्यांतही भारती विद्यापीठांतील संशोधकांस अशा स्त्रियांच्या रक्तांत होमोसिस्टीन हें द्रव्य अधिक आढळलें आहे. तें वाढल्यास हेंच अस्तर दुखावतें. तें कमी करणाऱ्या विकरांना फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व लागतें. म्हणून आहार सकस हवाच; परंतु केवळ आहारानें हा विकार टळतो, असें मात्र कोणी समजूं नये.

औषधाचा मार्गही एका विकरांतूनच गेला आहे. रक्तांतील बिंबिकांमध्यें वाहिन्या आंखडविणारें द्रव्य तयार होतें. त्यास लागणारें विकर अॅस्पिरिनची अल्प मात्रा बंद पाडते. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत, ज्यांना धोका अधिक होता अशा स्त्रियांस अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून हें औषध दिलें, तेव्हां अकालीं प्रसूति करावी लागणाऱ्या ह्या विकाराचें प्रमाण शेंकडा ४.३ वरून १.६ वर आलें. मात्र हें औषध सर्वांसाठीं नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तें घेऊं नये. आणि सल्ला लवकर मिळावयाचा तर नांवनोंदणीही लवकर झाली पाहिजे.

येथेंच आपल्या जिल्ह्याची खरी अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गांव सोडतात. त्यांतली गर्भिणी तपासणीचें कार्ड घरीं ठेवून जाते, आणि पुढचे कित्येक महिने तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा लागत नाहीं. तिच्या वाहिन्या आंखडत असतात, पण ती मोळी उचलीत असते. कारण तिला कांहींच जाणवत नाहीं. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला, तर ती धोक्याची खूण होय, आणि ती पट्ट्यावांचून कळत नाहीं.

म्हणून घरच्या कर्त्या माणसांस विनंति कीं, सून किंवा लेक टोळीबरोबर निघाली तर कार्ड तिच्याबरोबर द्यावें, आणि जेथें पाल पडेल तेथील आशाताईस तें दाखवावें. सरकारी आरोग्यकेंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भिणींची मोफत तपासणी होते. ही व्यवस्था २०१६ पासून चालूं आहे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, बरगडीखालीं वेदना, तोंडावर सूज, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास सकाळची वाट न पाहतां १०८ क्रमांकास बोलवावें. बाळंतपणानंतरही कांहीं आठवडे हा धोका राहतो.

ओटी भरतांना आपण खण-नारळ विसरत नाहीं. त्याच आठवणीनें तिचा रक्तदाबही मोजून घ्यावा, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.