‘येण्याआधी’ आणि ‘आल्यावर’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, ‘पंधरा मिनिटं बोल, इटालियनबद्दल बोल, पण पिझ्झ्याबद्दल नको. तुझ्यानंतर लगेच जेवण आहे.’ म्हणून मी व्याकरणाबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकांवरून आत्ता जो उसासा आला तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तेव्हाही तो तिथूनच यायचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, की मी वेरूळ-अजिंठ्याला इटालियन पर्यटकांना लेणी दाखवते आणि संध्याकाळी घरी इटालियन शिकवते. इटलीत पुढचं शिक्षण घ्यायला जाणारी मुलं येतात, सहा-सात जणांचा वर्ग असतो. दर वर्षी साधारण तिसऱ्या महिन्यात एक धडा येतो आणि मुलं हात टेकतात. इटालियनमध्ये क्रियापदाचं एक वेगळं रूप आहे, त्याला ते ‘कोंजुन्तीवो’ म्हणतात. सरांनी आपल्याला क्रियापदाचे चार अर्थ शिकवले होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. कोंजुन्तीवो यातल्या एकाशीही तंतोतंत जुळत नाही. थोडा विध्यर्थ, थोडा संकेतार्थ असं ते मिश्रण आहे. ‘पाऊस पडावा असं वाटतं’ यातल्या ‘पडावा’च्या जागी इटालियन माणूस हे रूप वापरेल.

इच्छा, शंका, भीती यांच्यापाशी हे रूप येतं, हे मुलांना पटतं. अडतं ते वेळेच्या शब्दांपाशी. ‘आधी’, ‘नंतर’, ‘जेव्हा’, ‘तोपर्यंत’ या शब्दांमागून येणारं क्रियापद साधं ठेवायचं की कोंजुन्तीवोत घालायचं? ‘प्रीमा के’ म्हणजे ‘च्या आधी’. त्याच्यानंतर कोंजुन्तीवो हवाच. गाडी येते हे ‘अर्रीवा’, पण गाडी यायच्या आधी म्हणायचं तर ‘प्रीमा के अर्रीवी’. शेवटचा ‘आ’ जाऊन ‘ई’ येतो, एवढाच फरक. ‘दोपो के’ म्हणजे ‘नंतर’. त्याच्यापुढे मात्र साधं रूप.

मुलं विचारतात, का? पुस्तकं उत्तर देतात की कोंजुन्तीवो अनिश्चिततेसाठी असतो. हे उत्तर अपुरं आहे. ‘पाऊस सुरू व्हायच्या आधी आम्ही घरी पोचलो’ या वाक्यात अनिश्चित काय आहे? पाऊस पडला, आम्ही पोचलो, दोन्ही घडून गेलं. तरी इटालियनमध्ये ‘प्रीमा के कोमिन्चास्से आ प्योवेरे’ असंच म्हणावं लागतं, कोंजुन्तीवो घालून.

इथे मला सरांचा प्रश्न उपयोगी पडतो. क्रियापद चालवायला उभं केलं की सर विचारायचे, ‘घडलंय, की घडायचंय?’ आणि आपण गडबडलो की पुढे म्हणायचे, ‘आत्ता नव्हे रे, त्या वेळी!’ ते ‘त्या वेळी’च सगळं आहे. आम्ही घरी पोचलो, त्या क्षणी उंबऱ्यात उभं राहून पाहा. पाऊस घडलाय का? नाही, घडायचाय. म्हणून कोंजुन्तीवो. ‘नंतर’ म्हटलं की आधीची गोष्ट घडून गेलेली असते, पाय टेकायला जमीन असते. म्हणून साधं रूप.

आता मराठीकडे या. आपण ‘आधी’ कसं म्हणतो? ‘पाऊस यायच्या आधी’, ‘अंधार पडायच्या आत’. ‘यायचा’, ‘पडायचा’ म्हणजे अजून व्हायचा. आणि ‘नंतर’ कसं म्हणतो? ‘पाऊस आल्यावर’, ‘अंधार पडल्यावर’. ‘आला’, ‘पडला’ हे झालेलं. उद्याचीच गोष्ट असली तरी आपण ‘तो आल्यावर बोलू’ म्हणतो. तो अजून घरातून निघालाही नसेल, पण बोलायच्या वेळी तो आलेला असणार, म्हणून ‘आल्या’. आणि ‘बस येईपर्यंत आम्ही स्टँडवर पेरू खाल्ले’ असं म्हणतो. बस येऊन, आम्हाला घेऊन, पोचवूनसुद्धा वर्षं लोटली. तरी ‘आलीपर्यंत’ असं कोणी म्हणत नाही. पेरू खाताना ती यायची होती, म्हणून ‘येई’. आपल्या खेड्यापाड्यांत ‘येईस्तोर’ म्हणतात, त्यातही तोच ‘येई’ आहे.

सांगायचं म्हणजे, इटालियन माणूस ज्यासाठी वेगळा अर्थ वापरतो ते काम आपण धातूला वेगळा प्रत्यय लावून भागवतो. भेद तोच. तो आपल्या जिभेवर शाळेत यायच्या आधीपासून आहे. दिवेलागणीच्या आत घरी ये असं आईने बजावलं, तेव्हाच हा धडा झालेला होता.

सगळं जुळतं असं मात्र नाही. बस खरोखर आली आणि गोष्ट संपली, तर ‘येईपर्यंत थांबलो’ला इटालियन साधा भूतकाळ वापरतो. तिथे मराठी त्यांच्यापेक्षा कडक आहे. ‘जेव्हा’साठी ‘क्वांदो’ आहे, त्याच्यापुढे भविष्यकाळ चालतो, ‘क्वांदो वेर्रा’, म्हणजे तो येईल तेव्हा. स्पॅनिशमध्ये याच जागी कोंजुन्तीवोचा भाऊ लागतो. त्यामुळे आधी स्पॅनिश शिकून इटालियनकडे वळलेल्या माणसाची हमखास गंमत होते.

दोन्ही कामांचा कर्ता एकच असेल तर इटालियन हे सगळं बाजूला ठेवतो. ‘निघण्याआधी पाणी पिते’ याला नुसतं ‘प्रीमा दी’ आणि पुढे मूळ धातू. ‘जेवून निघाले’ याला ‘दोपो आवेर मांजातो’. आपलं ऊनप्रत्ययी रूप आठवा. ‘मी जेवून तो निघाला’ असं म्हणता येत नाही, ‘मी जेवल्यावर तो निघाला’ असंच म्हणावं लागतं. मी फळ्यावर हे वाक्य लिहिते आणि मुलं हसतात. त्या हसण्यात नियम शिकून होतो.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला. वडील वाळूजच्या एका कारखान्यात, मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा, इथल्याच कॉलेजातून इंजिनिअर झालेला. पहिल्याच दिवशी दारात उभं राहून म्हणाला, ‘मॅडम, माझं मीडियम मराठी आहे. चालेल का?’ जणू काही आजार सांगत होता. वडिलांना कोणी तरी सल्ला दिला होता की आधी वर्षभर इंग्रजी पक्कं करून घ्या, मग तिसऱ्या भाषेचं बघा. मी त्यांना सांगितलं, वर्ष घालवू नका, उद्यापासून पाठवा.

‘फिंके’ शब्दाचा धडा आला. हा शब्द दोन कामं करतो. पुढे नकार नसेल तर ‘जोवर आहे तोवर’. त्यांची एक म्हण आहे, ‘फिंके चे वीता, चे स्पेरान्त्सा’, जीव आहे तोवर आशा आहे. आणि पुढे ‘नोन’ म्हणजे ‘नाही’ लावलं की अर्थ ‘येईपर्यंत’ असा होतो: ‘फिंके नोन अर्रीवा’. हा ‘नोन’ कधी कधी गाळलेला ऐकू येतो, पण मी मुलांना लावायलाच सांगते, म्हणजे दोन कामांची गल्लत होत नाही. वर्गातली इंग्रजी माध्यमाची दोन हुशार मुलं तिथे अडून बसली. ‘वेट अन्टिल ही कम्स’ यात ‘नाही’ कुठे आहे? तो येणारच आहे, मग नकार कशाला? मी काही बोलायच्या आत हा मुलगा म्हणाला, ‘अरे, तो येत नाही तोपर्यंत थांब. आपण असंच तर म्हणतो!’

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग त्याने वहीत डाव्या बाजूला मराठी आणि उजवीकडे इटालियन असा तक्ता काढला, इंग्रजीचा रकाना न ठेवता. त्या तक्त्याची झेरॉक्स मी आजही वर्गात वापरते. ‘झाल्या झाल्या’ याला ‘आप्पेना’ हाही त्यानेच लावलेला. मुलगा आता तुरीनला आहे.

आपल्यातल्या किती जणांनी आपल्या मुलांना असं वर्षभर थांबवलं असेल, याचा मी कधी कधी विचार करते. एका भाषेवरून दुसरीकडे जायला तिसरीच्या दारातून जावं लागतं, हा समज कुठून आला कोण जाणे. इंग्रजी यायलाच हवं, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण घरात पूल असताना नदीला वळसा का घालायचा? आपल्या भाषेचं व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली छापलं. मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय व्याकरण १९११चं. एवढी तयारी करून ठेवलेली असताना आपली पोरं मीडियम सांगताना मान खाली घालतात.

आणि इटालियन लोकांनाही हा धडा सोपा जात नाही, हे ऐकून बरं वाटेल. ‘प्रीमा के’पुढे कोंजुन्तीवो, मग ‘दोपो के’पुढेही असेल, असं समजून शिकलेली माणसं तिथेही तो लावतात. फ्लॉरेन्सला १५८३ पासून चालत आलेली क्रुस्का अकादमी आहे, लोक असल्या शंका तिला लिहून विचारतात. मला हे फार आवडतं. व्याकरणाचा प्रश्न कुठे तरी टपालाने जातो आणि त्याला उत्तर येतं.

लेण्यांमध्ये तर हे व्याकरण रोज पायाखाली येतं. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसंच आत सोडतात. बाहेर उन्हात माझे पर्यटक उभे. मी म्हणते, आतले लोक बाहेर येईपर्यंत थांबू: ‘फिंके नोन एस्कानो’. एखादा म्हातारा माझं वाक्य पुन्हा म्हणतो, पण ‘एस्कोनो’ असं, साध्या रूपात. दोन्ही चालतं. मी म्हटलं त्यात ‘येतील अशी वाट पाहू’ हा भाव जास्त, त्याच्यात ‘आता येतायतच’ हा. एका ‘का’ आणि ‘को’चा फरक.

आत गेल्यावर मी त्यांना त्यांच्याच देशबांधवांची गोष्ट सांगते. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. चित्रांचा गिलावा भिंतीवरून सुटत होता. १९२० ते १९२२च्या सुमारास निजाम सरकारने, गुलाम याझदानी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना, इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघांना बोलावलं. चित्रं पडायच्या आत ती वाचवायची होती, ‘प्रीमा के कादेस्सेरो’. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरून ठेवला आणि चित्रांवर लाखेचा लेप दिला. गिलावा टिकला. लाख मात्र पुढे पिवळी पडत गेली, तिने धूळ-काजळी धरून ठेवली, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो लेप हळूहळू उतरवत बसावं लागलं. काही पर्यटक ओशाळतात, ‘आमच्या लोकांनी खराब केलं’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. ते आले तेव्हा रंग काळवंडायचे होते, गिलावा पडायचा होता. त्यांनी जे घडायचं होतं त्यातलं एक थोपवलं. दुसरं त्यांना दिसलं नाही.

मुख्याध्यापकांनी मघाशी सांगितलं, की पाचवीच्या मराठी तुकडीला मुलं कमी पडू लागली आहेत आणि दोन-तीन वर्षांत काय होईल सांगता येत नाही. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही म्हण आपण सगळ्यांनी वाक्यात उपयोग करून पाच मार्कांसाठी लिहिली आहे. त्या म्हणीत खुपतो तो ‘ल्यावर’. तुकडी अजून बंद व्हायची आहे, तोवर करण्यासारखं बरंच आहे. मी शाळेला विचारलं आहे, आणि येत्या जूनपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मराठी तुकडीला तासभर इटालियन शिकवणार आहे. फी नाही. ज्यांना जर्मन, जपानी, फ्रेंच येतं असे निदान तिघे तरी या सभागृहात आहेत, मला माहीत आहे कोण ते. जेवताना मी तुमच्याकडे येणार आहे, दुसऱ्या दाराने निघून जाऊ नका.

सर, तुमची परवानगी असेल तर त्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर तुमचाच प्रश्न लिहीन. तुम्ही येऊन तो स्वतः विचारलात तर फारच छान.

शेवटी सहलीची सूचना, संयोजकांनी माझ्याच गळ्यात घातली आहे. उद्या रविवार, म्हणजे अजिंठा उघडं आहे, सोमवारी ते बंद असतं. शंभर किलोमीटरचं अंतर आहे. सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकापाशी बस लागेल. टोपी आणि पाण्याची बाटली आणा, आत फ्लॅश मारून फोटो काढता येत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगा, वर जायला डोलीवाले मिळतात. बस सातला निघेल असं कागदावर लिहिलं आहे, पण सर आणि बाई येत नाहीत तोपर्यंत ती हलणार नाही.