कागद, कात्री आणि बालकाचा हात

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मोठमोठ्या गोष्टी बोलाव्यात असा प्रघात आहे. आम्ही मात्र एका क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूविषयी चार शब्द बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या बालकाच्या हातातील कागदाचा तुकडा.

प्रथम आमच्याच हातून घडलेला प्रमाद सांगतो. गत नाताळात मुलांनी केलेले कागदी तारे भिंतीवर लावावयाचे होते. एका चार वर्षांच्या मुलीचा तारा वाकडा झाला. एक टोक आखूड, खळ सर्वत्र माखलेली. पाहुण्यांपुढे बरे दिसावे म्हणून आम्ही तो उकलून नीट करून दिला. सायंकाळी आईने विचारले, “बाय, यातला तुझा कुठला गं?” मुलीने भिंतभर पाहिले आणि म्हटले, “माझा नाहीच आहे.” तारा सुंदर होता, परंतु तो तिचा उरला नव्हता.

कागदकाम हा केवळ वेळ घालविण्याचा खेळ नव्हे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी बाड ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ साली कार्य आरंभिले व १८४० साली त्यास ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. कागदाच्या घड्या, कात्रीकाम आणि कागदी पट्ट्यांची वीण यांस त्यांनी बालशिक्षणात मानाचे स्थान दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने बालशिक्षणाचे कार्य केले. महागड्या साधनांवाचून, बिया, खडे, पाने अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंनीही बालक शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. जुने वर्तमानपत्र, गतवर्षीची दिनदर्शिका, लग्नपत्रिका ही त्याच जातीची साधने होत.

यातून घडते काय? तीन वर्षांचे बालक कागद फाडते, तेव्हा अंगठा व बोटे यांची चिमूट बळकट होते. चौथ्या वर्षी ते कात्री धरते. एक हात कात्री उघडतो व मिटतो, दुसरा कागद फिरवितो. दोन हातांनी दोन निराळी कामे एकाच हेतूने करावयाची, हा मोठाच धडा आहे. पाचव्या वर्षी चौकोनाचे टोक समोरच्या टोकास भिडविले की त्रिकोण होतो, आणि अर्धा भाग म्हणजे काय, हे न सांगता उमगते. घडी चुकली तर पुन्हा उलगडावी लागते. तेथे धीरही शिकता येतो.

आज पुष्कळ घरी तिसऱ्या वर्षीच पाटी-पेन्सिल पुढे ठेवून मुळाक्षरांची घाई केली जाते. या वयात मनगटातील हाडे पूर्ण घडलेली नसतात. त्यांतील बराच भाग अद्याप कूर्चेचाच असतो. ज्या हाताची तयारी झाली नाही, त्याकडून सुवाच्य अक्षराची अपेक्षा करणे म्हणजे पेरणीपूर्वीच कापणी मागणे होय.

म्हणून मातापितरांस आमची विनंती आहे. दररोज थोडा वेळ बालकास कागद, घरची खळ आणि बोथट टोकांची कात्री द्यावी. कात्री हाती असताना जवळ बसावे, परंतु आपले हात मांडीवर ठेवावेत. काम पुरे झाल्यावर “हे वाकडे का?” असे न विचारता “हे तू कसे केलेस?” असे विचारावे.

येत्या नाताळात आमच्या भिंतीवर आखूड टोकांचे, खळीने माखलेले तारे लागतील. ते पाहून कोणी हसले तरी चालेल. प्रत्येक मुलाने आपला तारा बोट दाखवून ओळखावा, एवढीच आमची इच्छा आहे.