पिंपावरचे नाव

मी कलाशाखेचा पदवीधर. तंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज एका तांत्रिक विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण त्याचा संबंध यंत्रांइतकाच माणसांच्या हातांशी आहे.

1974 साली मुंबई हाय येथे तेल सापडले आणि 1976 च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. पुढे न्हाव्याचा धक्का पुरवठा-नौकांचे ठाणे बनला आणि समुद्रातील तेल व वायू उरणला येऊ लागले. तेलाचे मोल सर्वांस ठाऊक आहे; परंतु त्याच्यासोबत निघणाऱ्या घन पदार्थांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. विंधनातील खडकाचा तेलकट चुरा, टाकीच्या तळाचा गाळ, नळांच्या आत धरलेली क्षारांची खपली ही सारी दिसावयास मातीसारखीच!

मात्र त्यांतील धोके निरनिराळे आहेत. गाळात कर्करोगास कारण होणारे बेंझिन असू शकते. बेरियमच्या खपलीत भूगर्भातील रेडियम अडकून राहते. त्याच्या एका प्रकाराची किरणोत्सारिता निम्मी होण्यास सुमारे 1600 वर्षे लागतात. अशी खपली कोरडी खरवडली, तर धूळ श्वासावाटे शरीरात जाते. म्हणून ती ओलीच हाताळावी. लोहसल्फाइडयुक्त गाळ सुकून हवा लागताच आपोआप पेटू शकतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले, की नाक बधिर होते. तेव्हा वास येत नाही म्हणून टाकीत उतरू नये, वायुमापकावरच विसंबावे. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मुळीच नेऊ नयेत.

2016 च्या नियमांनुसार तेलयुक्त गाळ हा घातक कचरा ठरतो. तो सामान्यतः 90 दिवसांहून अधिक काळ साठवता येत नाही, आणि प्रवासात त्याच्यासोबत सात प्रतींचे पत्रक असावे लागते. आपल्याच जिल्ह्यात, तळोजे येथे, घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामाईक केंद्र आहे. किरणोत्सारी खपली मात्र वेगळी ठेवावी लागते. तिच्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे दंडक आहेत.

या साऱ्या व्यवस्थेचा आधार म्हणजे पिंपावरील चिठ्ठी. ती गळून पडली, की उचलणाऱ्या हमालाला, गाडीचालकाला, अग्निशामक जवानाला आत काय आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. असे बेवारस पिंप खाजणात फुटले, तर निवट्या आणि खेकडे पकडून पोट भरणाऱ्या कुटुंबांनी काय करावे?

म्हणून माझी एवढीच विनंती आहे: नाव नसलेल्या पिंपास हात लावू नका, आणि आपल्या हातून निघणारे एकही पिंप निनावी जाऊ देऊ नका.