शेताची वाट : हक्क आणि मर्यादा

खानदेशात जमिनीची मोजणी काही सुखासुखी झालेली नाही. 1852 मध्ये इंग्रज सरकारचे मोजणीदार आले तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक त्यांना आडवे गेले, आणि सरकारला फौज आणावी लागली. आपल्या पूर्वजांना नको असलेला तो मोजणीचा कागदच आज वाटेचा तंटा पडला की आपण प्रथम शोधतो, ही मोठी गंमत आहे.

तो गावनकाशा एकदा नीट पाहून ठेवा. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट आणि एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. जुनी साखळी 33 फुटांची. नकाशात दाखवलेली वाट कोणा एकाच्या मालकीची नसते, ती नांगरून आपल्या शेतात घेता येत नाही. पण कितीतरी वाटा नकाशात नसतातच. त्या केवळ वहिवाटीवर चालतात. खरी भांडणे तिथे होतात.

पारोळ्याकडे माझ्या मामांची शेती आहे. शेजाऱ्याने एका उन्हाळ्यात वहिवाटीच्या वाटेवर काटेरी कुंपण घातले. मामा भिडस्त. आज बोलू, पोळ्यानंतर बोलू, चार माणसे बसवू, असे करता करता आठ महिने गेले. त्या वर्षीचा कापूस मजुरांनी डोक्यावरून बाहेर काढला. मग मामा मला विचारतात, “आते काय करानं?”

काय करायचे ते आधी ठाऊक हवे होते. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदार अडथळा दूर करवू शकतात. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. बोलणी जरूर करा, पण तारीख विसरू नका.

मामांना दुसरे दार उरले होते : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. शेतात जायला रस्ता नसेल तर दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याचा हक्क तहसीलदार ठरवून देतात. ‘बांधावरून’ हा शब्द ध्यानात घ्या. उभ्या पिकाच्या मधून सरळ वाट मागाल तर या कलमाखाली ती मिळायची नाही. शेतकऱ्याची वाजवी गरज किती, हे तहसीलदारांनी पाहायचे असते. सोय किती, हे नव्हे. निर्णय पटला नाही तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

आता ज्यांच्या शेतातून वाट जाते त्यांचीही बाजू ऐका. जमीन त्यांचीच राहते. वाटेचा हक्क म्हणजे जाण्यायेण्याचा हक्क. मातीवर मालकी नव्हे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्काने वापर झाला तर हक्क जडतो. “भाऊ, जाऊ का?” असे विचारून, तुमच्या परवानगीने जो गेला, त्याचा असा हक्क होत नाही. म्हणून शेजाऱ्याला चार पावले जाऊ दिले तर शेत जाईल, ही भीती बरीचशी पोकळ आहे. आणि पायवाटेचा हक्क मिळवलेल्याने उद्या तिथून मालमोटार नेतो म्हणू नये.

पण रावेर-यावलच्या केळीवाल्याला मालमोटार बांधापर्यंत लागते, हेही खरेच. कापलेले घड थांबत नाहीत. बैलगाडीच्या काळातली वाट त्याला पुरत नाही. मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद द्यावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात घ्यावी, असे ठरले आहे.

सरकारलाही मर्यादा आहेत. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तरी कलम 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची जमीन घेता येत नाही. हिमाचल प्रदेशात 1967-68 मध्ये रस्त्यासाठी एका विधवेची जमीन मोबदल्याविना घेतली होती. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली. तेव्हा त्या बाई ऐंशीच्या घरात होत्या.

मामांना बांधावरून वाट मिळाली, थोडी वळणाची. शेजारीही आता तीच वाट वापरतो. सातबाऱ्यावर नोंद मात्र राहिली आहे. त्यासाठी पुढच्या आठवड्यात आम्हाला तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जायचे आहे.