गोष्टीतला वाईट माणूस
(विद्यार्थी वाङ्मय मंडळापुढे केलेले भाषण)



आमच्या हस्तलिखितासाठी एका विद्यार्थ्याने गोष्ट आणून दिली. चाचाने भावाची जमीन लुबाडली, अशी ती गोष्ट. चाचा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दुष्ट. मी विचारले, "याने जन्मात एकही चांगले काम केले नाही का?" मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "केले, सर. पुतण्याला पहिल्या दिवशी बोट धरून शाळेत त्यानेच नेले. पण ते लिहिले, तर तो लोकांना वाईट वाटणार नाही."

ही भीती प्रत्येक नवलेखकाला वाटते. तिचे उत्तर मुन्शी प्रेमचंदांच्या १९१६ सालच्या 'पंच परमेश्वर' या कथेत सापडते.

त्यातला जुम्मन शेख गावातला मानाचा माणूस. म्हाताऱ्या खालाची मिळकत तो गोड बोलून आपल्या नावावर करून घेतो आणि मग तिची हेळसांड करतो. खाला पंचायत बोलावते. जुम्मनचा जिवलग दोस्त अलगू चौधरी सरपंच होतो आणि दोस्ती बाजूला ठेवून खालाला न्याय देतो. जुम्मन मनात वैर धरतो. पुढे अलगूने विकलेल्या बैलाच्या पैशांवरून तंटा होतो आणि सरपंच म्हणून निवड होते ती जुम्मनचीच! सूड घ्यायची संधी चालून आली. पण त्या जागेवर बसताच त्याला जबाबदारीची जाणीव होते आणि तो अलगूच्या बाजूने निकाल देतो.

आता सांगा, जुम्मन चांगला की वाईट? या एका निकालाने खालावरचा अन्याय पुसला जात नाही. त्या अन्यायामुळे हा निकालही खोटा ठरत नाही. दोन्ही कृत्ये एकाच माणसाची आहेत. माणसाला समजून घेणे म्हणजे त्याला पाठीशी घालणे नव्हे.

मी त्या मुलाला म्हटले, "शाळेचा प्रसंग जरूर लिही. ज्याने बोट धरले त्यानेच जमीन घेतली, हे वाचकाच्या मनाला अधिक लागेल."

त्याने गोष्ट पुन्हा लिहिली. आता तिच्या शेवटी चाचा रस्त्यात समोरून येतो आणि त्याला सलाम करावा की नाही, हे पुतण्याला ठरवता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पात्र रंगवताना दोन प्रश्न विचारा: याने हे का केले? आणि त्यामुळे कोणाचे काय गेले? एकाच प्रश्नाचे उत्तर लिहिले, तर गोष्ट अर्धी राहील. आणि पालकहो, घरात मुलांदेखत कोणावर शिक्का मारण्यापूर्वी हेच दोन प्रश्न आपणही स्वतःला विचारावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.